शिस्टरची मराठी

शिस्टर मला पहिल्यांदा दिसली ती एका माणसाला झापताना. डी.एड. करून मी नुकतीच धावड्याच्या शाळेत लागले होते, म्हणजे माझ्याच गावात परत आले होते. सकाळी शाळेकडे निघाले तर विहिरीपाशी बायका गोळा झालेल्या. मध्ये पांढऱ्या पातळातली एक उंच, सावळी बाई कमरेवर हात देऊन उभी आणि तिच्यासमोर एक गडी मान खाली घालून. "आरं, नववा महिना लागला तिला, अन् तिच्या डोक्यावर हांडा देऊन तू हितं बिडी फुकून राह्यला? शरम हाय का न्हाई जराशी? उचल तो हांडा. उचल म्हन्ते ना, जल्दी!" गड्यानं बिडी विझवली आणि सगळ्या बायकांसमोर हंडा डोक्यावर घेतला. पुरुषाच्या डोक्यावर हंडा धावड्यात त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

ही बाई भोकरदनची असेल, फार तर सिल्लोडकडची, असं मी धरून चालले. संध्याकाळी मायला विचारलं तर ती म्हणाली, "तीच की मव्ही शिस्टर. केरळची हाय." मी शिकायला बाहेर होते तेव्हा ती गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आली होती. सुट्टीत आले की माय मला तिच्याबद्दल पुष्कळ सांगायची. भांडखोर आहे, मासे मिळत नाहीत म्हणून कुरकुरते, केसांना खोबरेल चोपडते. ती केरळची आहे एवढं मात्र सांगायचं राहून गेलं होतं. मायला ते महत्त्वाचं वाटलं नसावं.

तिचं नाव एलिकुट्टी. गावानं ते एकदा जिभेवर घेऊन पाहिलं आणि सोडून दिलं. सिस्टरची शिस्टर झाली आणि तिनंही ते आपलंसं केलं. दार वाजवून "कोण आहे?" विचारलं की आवाज यायचा, "मी हाय, शिस्टर. उघड."

तिला मराठी शिकवली ती माझ्या मायनं. हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण माझा पुढचा सगळा संताप तिथून येतो. माय सुईण होती. आमची वस्ती बुद्धवाडा. छप्पन सालानंतर वस्तीनं गावकीची कामं एकेक करून टाकून दिली, पण मायनं हे काम टाकलं नाही. गावातल्या साऱ्या घरांतून तिला बोलावणं यायचं, मग ते घर एरवी तिला ओट्यावर चढू देत असो नसो. दवाखान्यात नवी नर्स आली की तिचं सुईणीशी वाकडं यायचंच. आधीच्या नर्सबायांनी मायला दवाखान्याच्या उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. शिस्टर आली ती मोजके हिंदी शब्द घेऊन. आली त्याच आठवड्यात एक अडलेली पोर तिच्यापुढे टेबलावर होती. पोर किंचाळतेय, काय करायचं ते शिस्टरला ठाऊक आहे, पण पोरीला ते सांगायचं कसं? शिस्टर बाहेर आली, पायरीवर बसलेल्या मायचा दंड धरला आणि तिला आत घेऊन गेली.

मायची एक पद्धत होती. बाळंत होणाऱ्या बाईशी ती सारखी बोलत राहायची. कळ आली की एक बोलणं, कळ ओसरली की दुसरं. "दम धर माय, दम धर, आत्ता लोटू नको. आली का? येऊ दे. हां, आता लोट, लोट गं मव्हे वाघिनी, दिसून राह्यलं डोस्कं." बाईनं फक्त मायच्या आवाजाला धरून राहायचं, बाकी काही करायचं नाही. शिस्टर त्या दिवशी मायच्या मागून तेच शब्द म्हणायला लागली, त्याच आवाजात, अर्थ पुरता कळायच्या आधी. त्यामुळे तिला मराठी आली ती याच क्रमानं. आधी धीर द्यायची मराठी, मग रागवायची, मग हवापाण्याची. 'नमस्कार' हा शब्द तिला फार उशिरा भेटला आणि तिनं तो फारसा वापरलाही नाही. 'भ'चा 'ब' तेवढा शेवटपर्यंत राहिला. भाकरीला ती 'बाकर' म्हणायची आणि रोज दोन खायची.

पाटलीणबाईंना हे खटकलं. त्यांची सून बाळंत झाली तेव्हा शिस्टर वाड्यात गेली होती. तिचं बोलणं ऐकून पाटलीणबाई म्हणाल्या, "शिस्टर, तू तर सगळं तिकडचंच बोलून राह्यली. भाषा शिकायला तुला दुसरं घर न्हाई भेटलं का?" तिकडचं म्हणजे आमच्या वस्तीतलं, हे न कळण्याइतकी शिस्टर भोळी नव्हती. तिनं सुनेच्या पोटावरचा हात काढला नाही. "मंग तू आल्ती का शिकवायला? मी आले तव्हा तुव्ह्या दाराला कडी व्हती."  नातू झाला, आणि त्यानंतर पाटलीणबाई स्वतः शिस्टरला हाक मारून ओसरीवर बसवून घ्यायच्या. खरी गंमत अशी की पाटलीणबाईंच्या आणि मायच्या बोलण्यात मला कधी काडीचा फरक दिसला नाही. दोघी 'न्हाई'च म्हणायच्या आणि 'मंग'च म्हणायच्या. एकीचं बोलणं वाड्यातलं आणि दुसरीचं 'तिकडचं', एवढाच काय तो फरक.

मुसलमान मोहल्ल्यात शिरली की शिस्टर पुन्हा वेगळी. "क्या गे, दवाई खाई क्या नै? बिलकुल झूट नक्को बोल." तिथले शब्द ती बुद्धवाड्यात आणायची, बुद्धवाड्यातले पाटलाच्या वाड्यात न्यायची, आणि कोणाचं अडत नव्हतं. तिचा आपला समज असा होता की ही सगळी मिळून मराठी. तो चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही.

तिच्या बोलण्याची किंमत मला कळली ती बाहत्तरच्या दुष्काळात. रस्त्याच्या कामावर बायका उन्हात खडी फोडत होत्या. पोटुशी बाई दिसली की मुकादम तिला कामावरून काढायचा, म्हणून बायका दिवस गेल्याचं लपवायच्या. वरून तपासणीला आलेले डॉक्टर रांगेत उभं करून विचारायचे, "आपणांस काही त्रास आहे काय?" सगळ्यांचं उत्तर एक, "न्हाई." शिस्टर मात्र सुकडी वाटायच्या वेळी बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसायची आणि शेजारणीच्या कानाला लागायची. "कव्हापासून न्हाई बसली बाजूला? खरं सांग. मुकादमाचं मी बगते." आणि बायका सांगायच्या. नवऱ्याला न सांगितलेलं सांगायच्या, सख्ख्या बहिणीला न सांगितलेलं सांगायच्या. मुकादमाचं तिनं कसं बघितलं ते मला ठाऊक नाही, पण पोटुशा बायकांना बसून करायची कामं मिळाली आणि कोणाचं नाव खाड्यात गेलं नाही. एका बाईनं मला सांगितलं होतं, "तिच्याम्होरं लाज वाटत न्हाई. ती आपल्यावानीच बोलती ना."

एवढं चांगलं चाललेलं असताना सरकारला जाग आली. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, आमचं सरकार औरंगाबादेत बसायचं. खात्याचा नियम असा की परप्रांतातल्या नोकरानं मराठीची परीक्षा पास करायला हवी, लेखी आणि तोंडी. नाही झाला तर नोकरी कायम होत नाही, घरी जायचं. शिस्टर एकदा काही तयारी न करता जाऊन आली होती आणि दोन्हींत आपटली होती. लिहायला वाचायला तर तिला येतच नव्हतं. आता शेवटची संधी होती. शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे पहिलीचं पुस्तक घेऊन बसायला लागली आणि वर्षभरात सुरेख अक्षर काढायला लागली. लेखीचं मला भय उरलं नाही.

भय तोंडीचं होतं. तिथं काय लागतं हे मला चांगलं माहीत होतं, कारण मीही त्यातून गेले होते. अध्यापिका विद्यालयात माझ्या तोंडून 'न्हाई' निघालं की मला उभं करायचे आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवून 'नाही, नाही' म्हणायचं. मी शुद्ध बोलायला शिकले ते भीतीनं. आज मी हे लिहितेय तेही त्याच भाषेत, आणि ती माझीही आहे, मी ती अपमान गिळून मिळवलेली आहे. पण त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत. मी शिस्टरला 'गरोदर मातेने सकस आहार घ्यावा' असली वाक्यं पाठ करायला दिली. ती घडाघडा म्हणायची आणि मग तोंड वाकडं करायची. "ही मराठी इस्त्री केल्याली हाय गं. ही घालून काम करता येत न्हाई." मी म्हणायची, "काम करू नका, परीक्षेपुरती घाला." मग ती हसायची आणि पुन्हा म्हणायला लागायची. माय जवळच बसून भाजी निवडायची. सकस आहार म्हणजे काय ते तिनं एकदा विचारून घेतलं आणि म्हणाली, "हे तर मी रोजच सांगती की."

तोंडी परीक्षेला मी तिच्यासोबत औरंगाबादला गेले. लेखीत ती चांगल्या गुणांनी पास झाली होती. ऑफिसच्या बाहेर बाक, दार उघडं आणि त्याला नुसता पडदा, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. आत दोघं होते. एक खात्याचे साहेब आणि एक कॉलेजातले प्राध्यापक. साहेबांनी विचारलं, "आपल्या कामाचं स्वरूप सांगा." शिस्टरनं आम्ही घोकलेलं सगळं बिनचूक सांगितलं, सकस आहारासकट. 'भ' तेवढा घसरला. प्राध्यापक म्हणाले, "वा!" मी बाहेर सुटकेचा निःश्वास टाकला.

मग साहेबांना काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, "छान. आता असं समजा, मी खेड्यातली एक गरोदर बाई आहे आणि तुमच्याकडे आले आहे. मला समजावून सांगा पाहू."

 शिस्टरनं खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"ये, बस गं. कितवा लागला? आन् नीट खाऊन राह्यली का न्हाई? खोटं बोलू नको, तोंड बग कसं उतरलं तुव्हं. समद्याच्या मागून जेवती ना? उरलं तर जेवती, न्हाई तर पानी पिऊन निजती. हे बिलकुल चालायचं न्हाई. रगत न्हाई तुव्ह्या अंगात, डोळ्याची पापनी पांढरी फट पडली. तुव्ह्या सासूला पाठव मव्ह्याकडं, मी सांगते तिला बराबर. आन् रडू नको. म्या हाय ना."

ती हे किती मायेनं म्हणाली ते मला लिहून दाखवता येणार नाही. 'म्या हाय ना' या शब्दांवर आमच्या गावच्या किती बाया जिवंत घरी गेल्या होत्या. आणि आत दोघंही हसत सुटले. साधं हसू नव्हे, टेबलावर हात आपटून हसणं.

"पुरे, पुरे! अहो, हे कुठलं मराठी?" साहेब म्हणाले.

"धावड्याचं."

"हे मराठी नव्हे. अडाणी लोकांची बोली आहे ही. सरकारी नोकराच्या तोंडी शोभते का?"

"पन तुमीच तर म्हनले, खेड्यातली बाई हाय म्हून."

 मग प्राध्यापकांनी विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"मायनं."

"तुमच्या आईनं? त्या तर मल्याळी असतील."

"न्हाई. धावड्याची माय. गिरजाबाई. सुईन हाय."

ते पुन्हा हसले. गिरजाबाई माझी माय. तिच्या त्या बोलण्यावर, जे ऐकत निम्मं गाव जन्माला आलं, त्याच्यावर दोन शिकलेली माणसं पडद्याआड हसत होती.  मी उठून पडद्यापर्यंत गेले तर शिपाई आडवा आला आणि त्यानं दार लावून घेतलं.

त्यांनी तिला नापास केलं. मी यावर पुष्कळ विचार केलेला आहे आणि माझा राग दर वेळी वाढतो. खेड्यातल्या बाईशी कसं बोलाल, असा प्रश्न त्यांनीच घातला. खेड्यातल्या बाईशी जसं बोलतात तसं ती बोलली, आणि त्याचसाठी तिला काढली. तिनं साहेबाच्या तोंडावर पुन्हा सकस आहार फेकला असता तर ती पास झाली असती. म्हणजे सरकारला धावड्याच्या बाईशी बोलणारी नर्स नकोच होती. सरकारशी बोलणारी हवी होती.

एसटीत ती खिडकीशी बसली होती. सिल्लोड गेल्यावर म्हणाली, "मी चुकले का गं?"

"नाही."

"मंग ते हसले काउन?"

 ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "बाई झाला तो, पन बाईवानी ऐकून घेतलं न्हाई त्यानं."

गावानं हातपाय हलवले नाहीत असं नाही. पाटलीणबाईंनी पाटलांना जेवू दिलं नाही, तेव्हा ते सरपंचाला घेऊन औरंगाबादला गेले. बुद्धवाड्यातली माणसं वेगळी गेली, मोहल्ल्यातली वेगळी. सगळे एकच उत्तर घेऊन आले, "नियम हाय म्हन्ते." नियम कोणी केला, कोणासाठी केला, हे विचारायला कोणाची जीभ रेटली नाही. आमच्या माणसांचं हेच मला सहन होत नाही. घरात वाघ, आणि साहेबापुढे गेले की आपलीच भाषा तोंडात सापडत नाही. पाटलांचीसुद्धा सापडली नाही.

जायच्या दिवशी शिस्टरची पेटी सकाळपासून एसटीच्या थांब्यावर ठेवलेली होती. बायका जमलेल्या, आणि शिस्टरचा पत्ता नाही. आमच्या वस्तीत एका पोरीला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलटकरीण होती. माय तिथं होती, आणि शिस्टर निरोप घ्यायला म्हणून गेली ती तिथंच बसली. सकाळची गाडी आली तेव्हा मी पळत सांगायला गेले. आतून माय म्हणत होती, "जा बाई आता, गाडी जाईल." शिस्टर म्हणाली, "जाऊ दे. येऊ दे आधी." गाडी गेली. मी दाराबाहेर बसून राहिले. आत दोघी बोलत होत्या, एक थांबली की दुसरी धरायची, "दम धर माय, आली का? येऊ दे, लोट, आता लोट." बाहेरून मला कळेना कोणती माय आणि कोणती शिस्टर. आपल्या पोटच्या पोरीला जो आवाज कधी जमला नाही तो मायनं त्या परक्या बाईला देऊन टाकला होता, आणि आता तो गावातून चालला होता. पोरगी झाली. शिस्टरनं हात धुतले, मायच्या पायाला हात लावला आणि दुपारच्या गाडीनं गेली. माय थांब्यापर्यंत आली नाही. बाळंतिणीला सोडून येता येत नाही, असं तिनं सांगितलं.

पुढं कोणी म्हणालं शिस्टर गुजरातेत एका मिशनच्या दवाखान्यात आहे, कोणी म्हणालं आखातात गेली. जिथं असेल तिथं तिनं एखादी माय शोधली असेल आणि दोन वर्षांत तिच्यासारखं बोलायला लागली असेल. तिथं तरी तिला कोणी हसलं नसेल एवढीच माझी इच्छा आहे.

तिच्या जागेवर नवी नर्स आली. पोरगी वाईट नव्हती. शिकलेली, टापटीप, बोलणं अगदी पुस्तकासारखं. बायका दवाखान्यात जायच्या, पण दारात उभ्या राहून काय बोलायचं ते बोलून परत फिरायच्या. गर्दी ओसरली. दवाखाना स्वच्छ दिसायला लागला.

माय तिच्याकडे एकदा गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. तिला स्वतःचं काही दुखणं सांगायचं होतं. नव्या नर्सनं विचारलं, "काय होतंय आजी?" मायनं आपल्या शब्दांत सांगितलं. पोरीला त्यातला एक शब्द मजेशीर वाटला. ती हसली आणि म्हणाली, "कसं म्हणालात आजी? पुन्हा म्हणा ना." तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. मायनं पदर सावरला आणि घरी निघून आली. पुन्हा गेली नाही. तिची तब्येत उतरायला लागली तेव्हा मी तिला हाताला धरून घेऊन गेले आणि दोघींच्या मध्ये उभी राहिले. लेकीच्या देखत माय काय सांगणार? ती म्हणाली, "कंबर दुखती." मी नर्सला सांगितलं, "कंबर दुखते." नर्सनं गोळ्या दिल्या. मराठीतून मराठीत इतकं चोख भाषांतर मी पुन्हा केलेलं नाही.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गर्भाशयाचं दुखणं आहे, पुष्कळ जुनं आहे, इतके दिवस रक्त जात होतं तर आणलं का नाही? मी मायच्या कॉटपाशी गेले. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता. "माय, सांगितलं काउन न्हाई?"

माय माझ्याकडे बघत राहिली. तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. "कोनाला सांगू?" ती म्हणाली. "शिस्टर तर गेली."

तोंडी परीक्षेचं ते ऑफिस दवाखान्यापासून लांब नव्हतं. दुपारी मायचा डोळा लागल्यावर मी चालत निघाले. जाताना मनात वाक्यं जुळवत होते, चांगली, स्वच्छ, शिक्षिकेला शोभणारी. साहेब तेच होते, आवाजावरून ओळखले. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी बसायला सांगितलं आणि म्हणाले, "बोला." मी तोंड उघडलं तर जुळवलेल्यातलं एक वाक्य बाहेर आलं नाही. "सायेब, मव्ही माय मरून राह्यली," मी म्हणाले, आणि मग थांबताच येईना. शिस्टर कोण होती, ती कोणासारखी बोलायची, तुम्ही गरोदर बाई झाल्ते तव्हा ती तुम्हाला काय म्हनली, तुम्ही कसे हसले, ती गेल्यावर बायांनी तोंडं कशी शिवून घेतली, मायनं काय लपवलं आणि कोणापायी लपवलं, सगळं मी त्यांना मायच्या बोलीत सांगितलं. आवाज चढलेला होता. बाहेरची माणसं पडद्यापाशी आली.

साहेब गोंधळले होते. "कोण सिस्टर? अहो, इथं पुष्कळ येतात, मला कसं आठवणार?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका ना? जरा नीट बोला."

"नीटच बोलून राह्यले," मी म्हणाले. "तुमी ऐका."

त्यांनी टेबलावरची घंटी दाबली. शिपाई येऊन दारात उभा राहिला. तो आमच्याच भागातला असावा, कारण तो माझ्याकडे बघत होता आणि त्याला पुढं यायला होईना. साहेबांनी घंटी पुन्हा दाबली. मी बोलायची थांबले नाही.